बुवांच्या दाराशी

"हळू घे गा. आजी उठून राहिली असंल."

महाल वस्तीत गाडी वळली की तो माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवून हेच म्हणायचा. मी शहर दाखवणाऱ्या बसचा ड्रायव्हर, तो गाइड. किल्ला, भोसल्यांचा वाडा, शुक्रवारी तलाव असं करत शेवटी बुवांच्या घरी न्यायचं. बुवांनी भजनांना लावलेल्या चाली तुम्हीही कुठे ऐकल्या असतील. बुवा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्यांची म्हातारी बायको एकटी.

मी चौकात दोनदा हॉर्न द्यायचो. तो ऐकून आजी उठायची, धुतलेलं लुगडं नेसायची, मग कडी काढायची. तेवढा वेळ हा लोकांना गल्लीत उभं करून बोलत राहायचा. एकदा कोणी म्हणालं, "घर दाखवा हो, भिंत काय दाखवता?"

"बुवांचा रियाज या भिंतीनंच ऐकला साहेब. आधी हिले नमस्कार करा."

लोकांनी केलाही! मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसलो.

पण माणूस भित्रा. रोज विचारायचा, "दार नाही उघडलं तर काय करायचं गा?"

"रोज उघडते ना? काहून मरून राहिला?" मी खेकसायचो.

एका मे महिन्यात दार उघडलं नाही. मी चार हॉर्न दिले. लोक डोक्यावर रुमाल धरून उभे. हा बोलत राहिला. बुवांचा जन्म सांगितला, लग्न सांगितलं, परत जन्म सांगितला. डोळे दाराकडे. मग एकदम गप्प झाला अन् शेजारच्या भिंतीवरून आत उडी टाकली. मागोमाग मी.

आजी न्हाणीत पडली होती. खुबा मोडलेला. म्हणते, "पाहुण्यायले बसव बाबा. मी येऊनच राहिली."

तिला बसमध्ये आडवी घालून रामदासपेठेत दवाखान्यात नेलं. लोक राहिले गल्लीतच. एक जण कुरकुरला. त्याला मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

आजी घरी आली, पण खाटेला लागली. बसचा मालक त्याला म्हणाला, "खिडकीतून दाखव. सहलीच्या कागदावर बुवांचं घर छापलं आहे आपण."

हा कोणाला कधी उलट बोलला नव्हता. "निजलेल्या बाईले मी दाखवत नाही," म्हणाला, अन् गाइडचा बिल्ला टेबलावर ठेवला. बाहेर येऊन मला विचारतो, "चुकलं का गा माझं?"

"चुकलं. घरी काय खाशील?" मी तोंडावर बोललो.

माझी बायको गेली तेव्हा मी बस घेऊन रामटेकला होतो. सकाळी ती म्हणाली होती, आज नका जाऊ. मी गेलो. आता रिकाम्या घरात बसलो की हा माणूस डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याला शेवटचं पाहिलं ते बुवांच्या उंबऱ्यावर. मी नवा गाइड अन् बसभर लोक घेऊन गेलो होतो. तो वाटीत आजीसाठी वरणभात कालवत होता. आम्हाला पाहून उठला अन् दारात आडवा उभा राहिला. खरकटा हात चौकटीला. "चुकलं का गा माझं?" परत विचारलं त्यानं. बाजूला मात्र झाला नाही.