मोटारीतली शिवळ

शर्यतीसाठी मी डोक्यावर पहिल्यांदा चढवलं ते शिरस्त्राण पुठ्ठ्याचं होतं. गावच्या नाटकात मी सेनापती व्हायचो, तेव्हाचा सोनेरी कागदाचा टोप. नियमांच्या कागदावर लिहिलं होतं, चालकाने डोक्यास योग्य संरक्षण घ्यावे. घेतलं. जुन्नरच्या पेठेत चाचांच्या दुकानासमोर मोटार उभी केली, टोप घालून छाती काढून बसलो आणि ओरडलो, "चाचा, कसा दिसतो?"

चाचा खोगीर शिवत होते. दाभण खाली ठेवून उठून आले आणि टोपावर बोटानं एक टिचकी मारली. टोपाला भोक पडलं.

"लई मजबूत," ते म्हणाले आणि पुन्हा खोगिराशी जाऊन बसले.

मी पोट धरून हसलो. त्या वर्षी मी सारखाच हसत असे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चाचांचा मुलगा आणि मी, दोघांत मिळून एक मोटार होती. उघडी, कापडी टपाची. बनवणाऱ्यानं ती चौघांसाठी बनवली होती; आम्ही नऊ जण बसवून जुन्नर ते मंचर फेऱ्या मारायचो आणि दहावा पायरीवर उभा. वर्षातून एकदा पुण्याकडे, लढाईच्या काळातल्या एका पडीक धावपट्टीवर हौशी लोक आपापल्या रोजच्या मोटारी पळवायला जमत. मागल्या खेपेला आम्हीही गेलो. तो चालवत होता, मी शेजारी. पत्र्याच्या पिंपांना वळसा घालताना मोटार कलली, दोन चाकांवर उभी राहिली आणि परत चारी चाकांवर आपटली. मोटारीला काही झालं नाही. मलाही नाही, कारण समोरचा दांडा माझ्या हातात होता. तो बाहेर फेकला गेला. उचलला तेव्हा संपलेला होता.

मी रडलो नाही. हुकमी रडणारा नट मी! अवसरीच्या प्रयोगात पहिल्या रांगेतल्या बायकांचे पदर भिजवले होते. त्याला माती दिली, घरी आलो, जेवलो. पुढं वर्षभर तसंच. चहा फार गरम होता हे जिभेवरचा फोड पाहून कळायचं. शेवटी ठरवलं, त्याच वळणावर पुन्हा जायचं. तिथं तरी काहीतरी होईल. चाचांना यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "यंदा मी पळवणार."

वाटलं, दाभण फेकून मारतील. त्यांनी दाभणात दोरा ओवला.

"बिनबांधल्याचं जायचं न्हाई," ते म्हणाले.

तेव्हा मोटारीत स्वतःला बांधून घेणं म्हणजे वेडाचार. ऐकणारा प्रत्येक जण म्हणायचा, पेटली तर सुटशील कसा, उलटली तर खाली चेचशील. नारायणगावच्या मारवाडी शेठजींच्या दुकानात मी दोर मागितला तर ते म्हणाले, "देतो की, पण मोटारीला बांधणार का मोटारीतल्याला?" मी सांगितल्यावर त्यांनी दोर परत आत ठेवला. "भाऊ, तुमच्या आईला माझ्या दुकानाचं नाव सांगू नका."

चाचांनी मात्र एकेक गोष्ट नीट धरली. उलटली तर? मग डोक्यापेक्षा उंच लोखंडी कमान हवी. ती लोहाराकडून करून घेतली, विहिरीच्या जाड नळाची. डोकं? पुण्याच्या जुन्या बाजारातून मी लष्करी लोखंडी टोप आणला. तो इतका मोठा की मान वळवली तरी टोप समोरच बघायचा. चाचांनी त्याला आतून नमदा लावला, खोगिराखाली घालतात तो, आणि हनुवटीला चामड्याची वादी. पेटली तर? मागे वाळूची बादली. आणि पट्टा त्यांनी स्वतः शिवला, दुहेरी चामड्याचा, चार बोटं रुंद.

"बांधतंय कुणीबी," ते म्हणाले. "सोडायचं कसं त्ये बघ." पट्ट्याची दोन टोकं जिथं मिळत होती, तिथं कड्यांतून त्यांनी बैलाच्या जुवातली शिवळ घातली होती. मान अडकवून ठेवणारी ती लाकडी खुंटी उपसली की बैल मोकळा. तसाच माणूस.

आता पट्टा टिकतो का हे कसं बघायचं? आमच्याकडं ताकद मोजायचं एकच यंत्र, ते म्हणजे बैल. राजुरीचा एक ओळखीचा गाडामालक आपली शर्यतीच्या घाटात पळणारी जोडी घेऊन आला. माझ्या जागेवर बाजरीचं पोतं बसवलं, त्याला पट्टा बांधला, आणि मला राहवेना म्हणून वर तो लष्करी टोपही घातला. समोरची काच आडवी पाडून पट्ट्याला दोर बांधला आणि बॉनेटवरून बैलांपर्यंत नेला.

"हळू ओढायचं बरं," चाचा म्हणाले.

"राव, ह्यांना हळू ठावं न्हाई," गाडामालक म्हणाला. "ह्ये घाटातलं बैल, नांगराचं न्हाईत."

गंमत म्हणून मी शर्यतीतली आरोळी ठोकली. भिर्रर्र! बैलांनी शेपट्या उचलल्या. कडाड असा आवाज झाला आणि अख्खी सीट मोटारीतून उखडून, पोत्यासकट, टोपासकट बॉनेटवरून उडाली आणि कांद्याच्या वाफ्यातून धावत सुटली. पोतं डुलत होतं, टोप हलत होता. बांधावर जमलेली माणसं हसून लोळली.

"पावणं निघालं बघा सासरवाडीला!" कुणीतरी ओरडलं.

सगळ्यांत मोठ्यानं मी हसत होतो. मग चाचांकडं बघितलं. ते त्या उडालेल्या सीटकडं पाहत उभे होते, आणि ते काय पाहतायत हे मला कळलं. तरी माझं हसू थांबेना. तोंड आपलं आपण हसत होतं.

बैल थांबल्यावर चाचा वाफ्यातून चालत गेले, वाकले, शिवळ उपसली. पोतं बाजूला पडलं.

"पट्ट्यानं धरलंय," ते म्हणाले. "पट्ट्याला कुणी धरलं न्हवतं."

चूक माझी होती. मी पट्टा सीटला अडकवला होता आणि सीट चार स्क्रूंवर. लोहारानं मग खाली चेसीला, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याला, लोखंडी पट्ट्या जोडल्या, पट्टा तिथं बांधला. आठवड्यानं तीच जोडी पुन्हा जुंपली. बैलांनी खूर रोवले, दोर ताणला, अख्खी मोटार हातभर पुढं सरकली. पोतं जागचं हललं नाही.

या वेळी कुणी हसलं नाही. चाचांनी पट्ट्यावरून हात फिरवला.

"म्हंजे वाचला असता," ते म्हणाले.



शर्यतीला चाचा बरोबर आले. तपासणीच्या साहेबांनी शिवळ पाहून भुवया चढवल्या, उपसून पाहिली, आणि मग लहान पोरासारखी तीनदा घालून उपसली. मी पळवली. पिंपांपाशी मागची बाजू सरकली, पट्टा छातीत रुतला, आणि मी जागेवरच राहिलो. बस. नऊ मोटारींत सातवा आलो. त्या वळणावर काही झालं नाही. म्हणजे मला काही झालं नाही.

मोटार थांबवली तरी शिवळेकडं माझा हात जाईना. चाचा आले. माझी शिवळ न उपसताच दुसऱ्या बाजूनं चढून शेजारच्या सीटवर बसले. तिथं पट्टा नव्हता. एकच शिवला होता.

"चल. तिथनं ने."

मैदान रिकामं होत होतं. मी बैलगाडीच्या चालीनं मोटार पिंपांपर्यंत नेली. वळताना त्यांनी हात पुढं केला आणि समोरचा दांडा धरला.

"तू ह्येच धरलं व्हतंस?"

"हो."

त्यांनी दांडा एकदा हलवून पाहिला. खोगिराची शिवण बघतात तसा.

"घट्ट हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "बरं झालं, धरलास."

परतीच्या वाटेवर मंचरच्या अलीकडं छातीवरचा पट्ट्याचा वळ ठणकायला लागला. मी मोटार कडेला घेतली.  खाली उतरून चाचा शेजारच्या सीटखालची जागा वितीनं मोजत बसले, दुसऱ्या पट्ट्यासाठी.