नळीचा राखणदार

नाथू भयंकर रागीट होता आणि मला तो तसाच आवडायचा. हिरकणीवाडीतला हा रस्त्यावरचा मजूर. त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, रायगड बघायला किती गाड्या येतात ते मोजायला सरकारी माणसांनी आमच्या पाचाडच्या शाळेसमोर रस्त्यावर काळी रबरी नळी आडवी टाकली. चाक नळीवरून गेलं की कडेच्या पेटीतला आकडा सरकायचा. आकडा भरला तर बारमाही एसटी मिळेल, असं साहेब बोलून गेले. राखणीला नाथू बसला. मी शाळामास्तर, रोजचा आकडा टिपून घ्यायचो.

त्याला एसटी का हवी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागल्या वर्षी त्याची बायको सगुणा बाळंतपणात अडली आणि महाडला नेताना वाटेतल्या नाते गावाजवळ डोलीतच गेली. डोलीचा पुढचा खांदा तिच्याच भावाचा, भिकूचा होता.

भिकूचं पोट डोलीवर. म्हाताऱ्या प्रवाशांना तो गडावर चढवायचा. कुणा शहाण्याने त्याच्या डोक्यात भरवलं, की गाड्या मोजून झाल्या की गडाला तारेवरचा पाळणा बसणार. एका सकाळी तो कोयता घेऊन आला आणि एका घावात त्याने नळी तोडली.

"पाळना आला तं आमी खायाचं काय?"

"पाळना नाय रे, यष्टी येनार हाय!" नाथू ओरडला. "तुज्या भयनीसाठी बसलोय मी हितं!"

"तिला तूच मारलीस! दोन दिस घरात ठेवलीस!"

नाथूच्या हातात पहार होती. पहिला फटका कोयत्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी वर्गात ऐकला. पडल्या पडल्या भिकूने कोयता फिरवला. नाथूच्या डाव्या हाताची दोन बोटं धुळीत पडली. तरी हा मारतच होता. आम्ही तिघांनी त्याला ओढून काढलं. मला त्याची तेव्हा किळस आली, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी एकही गाडी फिरकली नाही. शेवटी डोलीच आणली. खांदे चार लागतात, गडी तीनच मिळाले. हाताला फडकं गुंडाळून नाथू पुढच्या खांद्याला लागला. तुटक्या नळीवरून आम्ही गेलो.

नाते गावाजवळ नाथूचे पाय अडखळले. तो टेकणार, तोच आतून भिकू कळवळून ओरडला, "भावजी, थांबू नका! सगुनाच्या येळी आमी हितंच थांबलो हुतो. बिडी वढाया."

नाथू थांबला नाही. महाडला भिकूचा पाय कापला. आकडा अपुरा राहिला, एसटी आली नाही. पुढची नऊ वर्षं भिकूच्या जागी त्याच्या डोलीचा पुढचा खांदा नाथूने दिला, आणि वाटेत कुणाला बिडी पेटवू दिली नाही.