हिरव्या शाईचे साहेब

२०१८ साली साहेब बासष्ट वर्षांचे होते आणि लोकांच्या घरी जाऊन स्वतःची छापलेली कादंबरी खोडत होते. गाझियाबादला कुणाकडे जेवायला गेले की आधी नजर कपाटाकडे. कादंबरी दिसली की खाली काढायची, खिशातलं हिरव्या शाईचं पेन उघडायचं आणि पानं वाढून होईपर्यंत दोन-चार ओळी कापायच्या. घरची बाई म्हणायची, "अहो साहेब, छापून झालीय ना आता?" साहेब म्हणायचे, "लिहिलेलं शेवटचं नसतं, वहिनी." लोकांना त्याचं कोण कौतुक! माझ्या प्रतीला मात्र मी त्यांना कधी हात लावू दिला नाही.

मी त्यांचा ड्रायव्हर. ते सरकारी खात्यात अधिकारी, मी खात्याची गाडी चालवायचो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. बाकीचे अधिकारी मागे बसायचे आणि "ए भैया, चलो" म्हणायचे. हे पुढे माझ्या शेजारी बसायचे, मला "तुम्ही" म्हणायचे आणि माझ्या डब्यातली भाकरी न विचारता तोडायचे. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

एकदा पाहुण्यांना पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी सोडून आम्ही दोघंच परत येत होतो. रस्ता जाम. साहेबांनी विचारलं, "तुमची आई कशी होती हो?" तोवर दिल्लीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. आमच्याकडे विदर्भात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मुकादमाचा पाण्याचा रांजण वेगळा. आमच्या लोकांनी त्याला शिवायचं नाही. एका दुपारी आई उठली आणि त्यातलं पाणी प्याली. मुकादम म्हणाला, पाया पड. आई म्हणाली, "तहान लागली होती, पेली. उद्या लागली तं उद्याबी पेईन." आणि हातोडी उचलून पुन्हा खडी फोडायला बसली. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम गेलं, पण डोकं काही खाली गेलं नाही.

साहेबांनी ते कादंबरीत जसंच्या तसं घातलं. नाव बदललं, बाकी आई तीच. शब्दाखाली बोट धरून मी ते पुस्तक इतक्यांदा वाचलं की नीट वाचायला शिकलो तो त्याच्यावरच. फक्त पहिल्या पानावरची एक ओळ घशात अडकायची. 'या कादंबरीतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत.' साहेबांना विचारलं तर हसले. "तसं छापावंच लागतं हो." माझ्या निवृत्तीला त्यांनी मला त्यांच्यासारखंच हिरवं पेन दिलं. मी ते खोक्यातून काढलंच नाही.

मग आमच्या मराठी मंडळाने नाटक मागितलं आणि साहेब स्वतःच कादंबरीचं नाटक करायला बसले. मला प्रॉम्प्टर केलं. "तुमचा आवाज हवा तिथेच पोचतो," म्हणाले. आईचं काम नोएडाच्या बँकेतल्या एका मुलीकडे होतं. दिल्लीतच वाढलेली. "काका, रांजण म्हणजे मटकाच ना?" मी म्हणालो, "मटक्याचा बाप." पण पोर जीव तोडून करायची. शेवटची पानं सगळ्यात उशिरा हातात आली. वाचतो तर काय, आई मुकादमाच्या पायावर डोकं ठेवते, "माफ करा मालक" म्हणते आणि रडते. पडदा.

मी तालीम थांबवली. "साहेब, हे काय?"

"कादंबरी माणूस एकटा वाचतो. नाटकाला तीनशे माणसं येतात. त्यांना रडायला जागा लागते."

"त्यांना रडायचंय तर त्यांच्या आयांना पाया पडायला लावा. माझीच कशाला?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्हाला स्टेज कळत नाही," एवढंच म्हणाले. नाही कळत. आई कळते.

ती मुलगी त्या जागी रोज अडकायची आणि विंगेत माझ्याकडे बघायची. प्रयोगातही अडकली. मुकादमाचं काम करणारा सीए पाय पुढे करून उभा. माझ्या हातातल्या कागदावर 'माफ करा मालक' होतं. मी कादंबरीतली ओळ दिली. चुकून नाही, जाणूनबुजून. मुलीने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग ताठ उभी राहून म्हणाली, "तहान लागली होती, पेली. उद्या लागली तं उद्याबी पेईन." आणि हातोडी उचलली. सीए पाय पुढे करून उभाच! पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

साहेबांना मंचावर बोलावलं. एकदा तरी विंगेकडे बघतील असं मला वाटलं होतं. ते माइकवर म्हणाले, "शेवट मी आजच बदलला. लेखकाला अखेर आपल्या पात्राचं ऐकावं लागतं."

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "पात्र नव्हतं साहेब ते. माझी आई होती."

"हे आपल्या दोघांत राहू द्या," ते हळू आवाजात म्हणाले. मी हललो नाही, तेव्हा आवाज चढला. "कागदावर आली की ती कुणाची राहत नाही. पहिलं पान वाचा, तिथे लिहिलंय." भाड्याची गाडी उभी होती. साहेबांनी दार उघडलं आणि मागे बसले.

पुन्हा भेट नाही. तीन वर्षांनी साहेब वारले, मी गेलो नाही. लोक म्हणाले, जायला हवं होतं. म्हणोत.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, फरीदाबादला घरी, चहाच्याही आधी मी खोक्यातून ते हिरवं पेन काढलं. माझ्या प्रतीचं पहिलं पान उघडलं आणि ती ओळ खोडली. खाली आईचं नाव लिहिलं, गिरजाबाई. अक्षर वाकडं आलं. दुरुस्त केलं नाही.