कुंदाताईंच्या नावावरचं लॉगिन

“मॅडम, आता इचारायचं काय राह्यलं? तुमच्याच मशिनमंधी तिचं नाव दिसून राह्यलं. आजच काढतो तिले.”

शेठ माझ्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीनकडे बोट दाखवत होते. जाम गावच्या चौकापासून जवळच त्यांची तूरडाळीची मिल आहे. स्क्रीनवर लॉग उघडा होता. लॉग म्हणजे कॉम्प्युटरची रोजनिशी. कोणत्या नावाने, किती वाजता, काय केलं, याची नोंद आपोआप होत राहते. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: काल संध्याकाळी ५.५०, लॉगिन कुंदा, ‘लॅब रिपोर्ट’ फोल्डर कायमचं डिलीट.

मी अशा छोट्या धंद्यांना सायबर सुरक्षेचे नियम पाळायला मदत करते. मोठ्या कंपन्या हल्ली माल घेण्याआधी यादीच पाठवतात. लॉग सहा महिने ठेवा, सगळ्या कॉम्प्युटरची घड्याळं जुळवा, रोज बॅकअप घ्या, काही गडबड लक्षात आली तर सहा तासांत कळवा. शेठची डाळ घेणाऱ्या कंपनीनेही ती पाठवली होती. वाचून शेठ म्हणाले होते, “आमी डाळ इकतो का मिसाईल?”

विकतची सॉफ्टवेअर त्यांच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून मी ओपन सोर्स टूल्स बसवली. त्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि वापरायला लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. गोदामात धूळ खात पडलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर लॉग आणि बॅकअप दोन्ही सुरू केलं. आठवडाही झाला नव्हता, तोच सकाळी साडेदहाला हे उघडकीला आलं.

डाळीच्या तपासणीचे ते रिपोर्ट दहा मिनिटांत परत आले. बॅकअप कामी आला म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. पण कुंदाताईंचं काय करायचं? चौदा वर्षं त्या मिलचं ऑफिस सांभाळत होत्या, वडनेरहून रोज एसटीने येऊन. दुसऱ्या एका मिलने त्यांना बोलावल्याची कुणकुण शेठना लागली होती. जाता जाता बाईने रिपोर्ट उडवले, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कंपनीला कळवायचा फॉर्म साडेचारच्या आत जायला हवा होता. मी हजेरी रजिस्टर पाहिलं. कुंदाताईंच्याच अक्षरात जाण्याची वेळ सहा. म्हणजे पाच पन्नासला त्या खुर्चीतच होत्या. मी फॉर्ममध्ये ‘संबंधित व्यक्ती’ या रकान्यात त्यांचं नाव टाइप केलं. त्यांच्याशी अजून एक शब्दही बोलले नव्हते. याची आजही लाज वाटते.

मग त्यांना आत बोलावलं.

“कुंदाताई, काल पाच पन्नासला तुम्ही लॅब रिपोर्ट डिलीट केले का?”

“म्या? काऊन करीन? एकेक कागद म्याच स्कॅन केला हाय. अन् पाच पन्नासले तं मी गाडीत होती. पावणेसहाची भेटली मले.”

“रजिस्टरमध्ये तर सहा लिहिलंय.”

“मिलचे सहा ना, मॅडम.”

“मिलचे सहा म्हणजे?”

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. माझ्या फोनवर अकरा वीस.

“बाबूजी होते तवापासून वीस मिनिटं पुढंच ठेवतो आमी,” शेठ म्हणाले. बाबूजी म्हणजे त्यांचे वडील. “नाईतं लेबर टायमावर येत नाई.”

“कॉम्प्युटरचं चार-पाच दिवसांपासून मागं पडलं,” कुंदाताई म्हणाल्या. “तुमाले सांगणारच होती मी.”

ते मागं पडलं नव्हतं. मी पाडलं होतं. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे दिसलं, तेव्हा आतला सेल गेला असेल असं समजून मी नवा सेल घातला आणि वेळ इंटरनेटशी जुळवून टाकली. नियमच होता तसा. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. म्हणजे लॉगमधले पाच पन्नास हे खरेखुरे पाच पन्नास, मिलचे सहा दहा. तेव्हा कुंदाताईंना निघून दहा मिनिटं झाली होती.

मग त्यांच्या नावावर कोण बसलं होतं? मी लॉग थोडा वर सरकवला. ५.४४ ला पेन ड्राइव्ह लावला. ५.४८ ला डिस्क भरली. ५.५० ला फोल्डर डिलीट.

“शेठजी, काल सहानंतर, म्हणजे तुमच्या सहानंतर, या खुर्चीत कोण होतं?”

शेठनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

“मीच होतो. भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ टाकाचा होता. जागा नाई म्हणून राह्यलं थे. मंग जे सगळ्यात मोठं दिसलं थे उडवलं. पण मॅडम, थे तं सहा वाजून गेल्यावर. तुमचं तं पाच पन्नास होतं.”

बिचाऱ्यांना स्वतःवर संशय घ्यायला जागाच नव्हती. ‘कॉम्प्युटर चालू ठेवून जा, संध्याकाळी मले पाह्यचं असते’ हा हुकूमही त्यांचाच, कित्येक वर्षांचा.

मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. कुंदाताई हसल्या नाहीत. त्या माझ्या स्क्रीनवरच्या फॉर्मकडे बघत होत्या.

“मॅडम, हे नाव पुसा आधी.”

मी पुसलं आणि माफी मागितली. शेठना ते जमलं नाही. त्यांनी चहा मागवला आणि पहिला कप स्वतः उचलून कुंदाताईंसमोर ठेवला.

“रागावू नको, कुंदाबाई.”

“रागावून काय करू, शेठजी? पण आता तुमचं लॉगिन तुमी अलग घ्या. माह्या नावावर बसू नका.”

शेठनी मान डोलावली. त्याच दुपारी दोन लॉगिन, दोन पासवर्ड झाले. फॉर्म गेला: मालकाकडून चुकून डिलीट, बॅकअपमधून सर्व परत. ‘मालकाकडून’ हा शब्द कुंदाताईंनी घालायला लावला. कंपनीने शेठना पुरवठादारांच्या यादीत ठेवलं. कुंदाताईही मिलमध्येच राहिल्या.

लॉग कोणाच्या नावाने काम झालं ते सांगतो. कोणी केलं, ते माणसांना विचारावं लागतं. विचारायलाही लायसन्स लागत नाही, पण ते मी सगळ्यात शेवटी केलं होतं.