दुसऱ्याच्या पेटीतलं पत्र

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका संस्थांकडून येणारं मदत मागणारं प्रत्येक पत्र दोनदा वाचायचे. त्यांतले आजारी मुलांचे फोटो पाहून त्यांना घास उतरत नसे, म्हणून त्यांच्या मुलीने मला गळ घातली, "ही पत्रं त्यांच्या हाती पडायच्या आत काढून टाका."

एका दुपारी मी जिन्याखालच्या त्यांच्या टपालपेटीत हात घातला, तर काका मागेच उभे.

"अहो, पोस्टात नोकरी लागली का तुम्हाला?"

मी हातात आलेलं पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पायरीवर बसून त्यावर 'माझे नाव यादीतून काढावे' असं लिहिलं आणि सही केली.

"नाही म्हणायला मला येतं. एवढं परत पाठवा."

आता त्यांची पत्रं कमी झालीत. जिन्यात काका आधीसारखाच नमस्कार करतात. मान वर होत नाही ती माझी.