चार्जिंग दुपारी बारा ते चार

उत्तमसिंग राठोड यांना मी ओळखतो ते त्यांच्या काळी-पिवळी जीपपासून. फुलसावंगी ते महागाव ते बावीस वर्षं जीप चालवत होते. मी पुसदला कॉलेजात होतो आणि शनिवारी गावी जाताना महागावहून पुढे त्यांच्याच गाडीत बसायचो. चौदा माणसं कोंबलेली असली तरी चढ लागला की ते सगळ्यांना गप्प बसवायचे. त्यांना इंजिन ऐकायचं असायचं. "तिसरं नोजल टपकून राह्यलं," असं काहीतरी पुटपुटायचे, आणि महागावच्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं की तेच निघायचं.

गाड्यांबद्दल त्यांची मतं ठाम होती. डिझेल इंजिन बिघडण्याआधी चार दिवस सांगतं, धुरानं सांगतं, आवाजानं सांगतं, फक्त ऐकणारा पाहिजे, असं ते म्हणायचे. तीन सिलिंडरच्या नव्या गाड्या त्यांना अजिबात पटायच्या नाहीत. तीन पायांची बाज कोणी विकत घेतं का, असं विचारायचे. मोठ्या आलिशान गाड्यांचा मात्र त्यांना लळा होता. हायवेवर एखादी दिसली की जीप बाजूला घेऊन ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचे.

पुढे घरोघरी मोटरसायकली आल्या आणि जीप रिकामी धावू लागली. मग एका वर्षी पासिंगच झालं नाही. गाडी भंगारात गेली. तिचं इंजिन उमरखेडच्या एका रसवंतीवाल्यानं नेलं. त्यानंतर उत्तमसिंगभाऊ तांड्यावर नुसतेच बसून असायचे. दीड वर्षानं मला ते भेटले ते थेट महामार्गावर, महागावच्या अलीकडे एका धाब्याच्या आवारात. अंगावर कंपनीचा हिरवा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि मागे माणसाच्या उंचीचं पांढरं यंत्र. इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन. डिझेलवर जीव टाकणारा माणूस बॅटरीच्या गाड्यांची राखण करत होता.

"नोकरी हाये," ते म्हणाले, "पन मशीन काही बोलत नाई माह्यासंगं."

मी आर्णीला शिक्षक आहे. दर पंधरा दिवसांनी त्या रस्त्यानं जातो, धाब्यावर चहाला थांबतो. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं त्यांनी सांगितलेलं.

यंत्राला केबलच्या टोकाशी गाडीत खोचायच्या दोन गन होत्या. एक पहिल्याच महिन्यात बंद पडली, तिला कोणी हात लावला नाही. दुसरी मनात आलं तर चालायची. गाडीला गन लावायची, पडद्यावर हिरवा दिवा यायचा, आतला पंखा सुरू व्हायचा, आणि दोन-तीन मिनिटांत टक् असा आवाज होऊन सगळं बंद. कधी मात्र तासभर सलग चालायची. असं का होतं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. हेल्पलाइनला फोन लावला की एक मुलगी मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगायची. उत्तमसिंगभाऊंनी ते दिवसातून वीसवीस वेळा केलं.

आणि लोक. नागपूरहून निघालेली गाडी इथवर येते तेव्हा तिच्यात फार थोडी बॅटरी उरलेली असते. गन लागली की माणूस पाऊण तास अडकतो, आणि अडकलेला माणूस बोलतो. धाब्याच्या बाजांवर बसून हे लोक गाड्यांवरून हमरीतुमरीवर यायचे. एक म्हणायचा, इलेक्ट्रिकसारखा पिकअप कुठल्याच इंजिनाला नाही. दुसऱ्याचं म्हणणं, इंजिनाचा आवाज नसेल तर गाडी चालवण्यात मजा कसली, त्यापेक्षा मिक्सर घ्या. तिसरा हायब्रीडवाला, तो दोघांनाही वेड्यात काढायचा. उत्तमसिंगभाऊंना यात बोलायला खूप काही असायचं. पण त्यांना कोणी विचारत नसे. गन बंद पडली की मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं, आणि सगळे मिळून त्यांच्यावर ओरडायचे.

घरी त्यांची बायको जमनी विचारायची की आज किती शिव्या खाल्ल्या. सुरुवातीला चेष्टेत विचारायची, मग चेष्टा राहिली नाही. बावीस वर्षांत प्रवाशांनी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं, असं तिनं मला स्वतः सांगितलं.

डिसेंबरात एका सकाळी दहाच्या सुमारास नांदेडचे डॉक्टर पत्तेवार आले. डोळ्यांचे डॉक्टर, पण खरा जीव गाड्यांत. जर्मन बनावटीची लांबलचक इलेक्ट्रिक गाडी, आत पाठ रगडून देणाऱ्या सीटा. बॅटरी सात टक्के. दुपारी नांदेडला त्यांची ऑपरेशनं लागलेली होती. गन चार वेळा लावली, चारही वेळा टक्. शेजारी एक ठेकेदार जेवून हात धूत होता, त्याची डिझेलची दांडगी गाडी उभी होती. त्यानं जाता जाता ऐकवलं की डॉक्टरसाहेब, तुमच्या सीटा पाठ दाबतात, पण ढकलायला माणसं लागतात. डॉक्टर पत्तेवारांचा पारा चढला आणि तो उतरला उत्तमसिंगभाऊंवर.

"तुम्हाला मशीन चालवता येत नसेल तर बसता कशाला इथे? घरी जा."

उत्तमसिंगभाऊ मान वाकडी करून धाब्यामागच्या शेताकडे कान लावून उभे होते. गेले काही आठवडे त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. टक् व्हायच्या आधी धाब्याचा पंखा मंदावायचा. आणि पंखा मंदावायच्या आधी शेतातल्या विहिरींवर मोटरी घुमायला लागायच्या. आसपासच्या बारा-पंधरा विहिरींच्या मोटरी धाब्याच्याच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर होत्या. गहू-हरभऱ्याचं पाणी सुरू झालं की व्होल्टेज बसायचं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. त्यांना हे पक्कं वाटत होतं, पण पडताळून पाहायची हिंमत झाली नव्हती.

त्या दिवशी ते तसेच बांध ओलांडून गेले. सगळ्यात मोठी मोटर पंचफुलाबाईंची होती. त्या कमरेला पदर खोचून गव्हाला पाण्याचे बारे देत होत्या. उत्तमसिंगभाऊंनी त्यांना पाऊण तास मोटर बंद ठेवायची विनंती केली. त्या चिडल्या. कोणाच्या गाडीसाठी माझा गहू काहून थांबवू, असं त्यांनी रोखठोक विचारलं. मग गाडीत डॉक्टर आहे, पेशंट खोळंबलेत, असं कळल्यावर त्यांनी बटण दाबलं, पण ही एकच बार, असं बजावून. शेजारच्या दोघांनाही त्यांनीच हाक मारून मोटरी बंद करायला लावल्या.

गन लागली आणि एकदाही न थांबता पन्नास मिनिटं चालली. डॉक्टर पत्तेवार पडद्याकडे बघत बसले होते. निघताना त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "हे तुम्हाला कळलं कसं?"

"ऐकलं जी," उत्तमसिंगभाऊ म्हणाले. "तुमी लोक बोलत असता, म्हनून तुमाले ऐकू नाई येत."

डॉक्टर मोकळेपणानं हसले. त्या दिवशी त्यांनी गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळी हकिगत लिहिली आणि खाली उत्तमसिंगभाऊंचा नंबर टाकला. इथून खरा ताप सुरू झाला. नागपूर, नांदेड, लातूर, कुठून कुठून फोन येऊ लागले. मी अकराला पोचतोय, तेवढ्या मोटरी बंद करून ठेवा. जणू शेतं चार्जिंग स्टेशनच्या मालकीची होती. एकानं तर त्या बाईला काहीतरी देऊन टाकू, असं सुचवलं. उत्तमसिंगभाऊ पुन्हा बांध ओलांडून गेले नाहीत.

"तिचं पानी तिच्या हक्काचं हाये," ते मला म्हणाले. "यायले घाई हाये म्हनून गहू वायवायचा का मी?"

मधला मार्ग त्यांनीच काढला. शेतकरी सकाळी आठपासून मोटरी लावतात, बाराला जेवायला जातात, पुन्हा चारनंतर लावतात. तेव्हा त्यांनी महागावहून पत्रा रंगवून आणला आणि मशीनजवळच्या खांबावर लावला. 'गाडी चार्ज करायची असल्यास दुपारी बारा ते चार यावे. इतर वेळी व्होल्टेज नाही.' अक्षर थोडं तिरकं होतं, पण लांबून वाचता यायचं. आणि त्याचा गुण आला. लोक वेळ बघून येऊ लागले. महिनाभर शिव्या जवळजवळ थांबल्या. बाजांवरच्या वादात आता त्यांनाही विचारलं जायचं, काका, तुमच्या मते डिझेल बरं की इलेक्ट्रिक? ते सविस्तर सांगायचे. त्या महिन्यात मी दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा मला त्यांच्याशी बोलायला थांबून राहावं लागलं.

कोणीतरी त्या पत्र्याचा फोटो ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत कंपनीच्या मोठ्या साहेबाकडे पोचला. जाहिरातीत चोवीस तास सेवा लिहिलेलं होतं आणि इथे पत्रा चारच तास सांगत होता. साहेबानं फोनवर त्यांना उभं-आडवं झापलं. कंपनीची बदनामी करायचा अधिकार कोणी दिला, असं विचारलं. उत्तमसिंगभाऊंनी डीपीचं सांगायला तोंड उघडलं, तर साहेब म्हणाला, तांत्रिक गोष्टी इंजिनिअर बघतील, तुम्ही वॉचमन आहात.

चार दिवसांनी इंजिनिअर आला. संघदीप खोब्रागडे, यवतमाळचा, तिशीच्या आतबाहेरचा. त्याला दोन कामं सांगितलेली होती, मशीन तपासायचं आणि पत्रा काढायचा. त्यानं सकाळी सात वाजता मीटर लावलं आणि दुपारपर्यंत बसून राहिला. मोटरी सुरू झाल्या तसे आकडे घसरले, बाराला चढले. त्यानं मीटर मिटवलं.

"काका, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," तो म्हणाला. "चार्जरला वेगळी डीपी पाहिजे. मी हे ऑगस्टमध्येच लिहून दिलं होतं. आता पुन्हा लिहितो."

"मंग काहून होत नाई?"

"माझं वाचतं कोण? मी मशीनमधलं कार्ड बदलून आलो एवढंच त्यांना पाहिजे असतं."

तरी पत्रा काढावाच लागला. संघदीपला खांबावर चढायचा धीर होईना, म्हणून उत्तमसिंगभाऊंनी स्वतःच शिडी लावून स्क्रू सोडवले आणि पत्रा धाब्याच्या भिंतीला पालथा टेकवला. मग दोघांनी चहा घेतला. उत्तमसिंगभाऊ सांगत होते, त्या पोराचा राग येत नव्हता, आणि राग काढायला दुसरं कोणी समोर नव्हतं, याचाच जास्त राग येत होता.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. स्टेशन आता दुरून, संगणकावरून बघितलं जाणार होतं. माणसाची गरज नव्हती. मशीनवर हेल्पलाइनचं स्टिकर लागलं, हिरवा शर्ट परत द्यावा लागला. डॉक्टर पत्तेवारांना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बोलावलं. ती जर्मन गाडी चालवायला मिळणार होती. उत्तमसिंगभाऊंनी एक रात्र विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. नांदेडला राहायला जमनी तयार नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी मला चाचरत सांगितलं. माणूस चांगला आहे, पण त्यानं एकदा घरी जा म्हटलं होतं, ते डोक्यातून जात नाही.

आता ते फुलसावंगीत एका शाळेची व्हॅन चालवतात. डिझेलची, जुनी, चढावर धापा टाकणारी. मालकाला नोजल बदला म्हणून तीनदा सांगून झालं, तो पुढच्या महिन्यात म्हणतो.

मार्चमध्ये मी त्यांना शाळेबाहेर भेटलो. व्हॅनच्या पायरीवर बसून सुटीची वाट बघत होते. बोलता बोलता फोन वाजला. हिंगोलीकडचा कोणी गाडीवाला होता, नंबर त्याला अजून ग्रुपवरच मिळाला होता. मशीन आत्ता चालेल का, विचारत होता. उत्तमसिंगभाऊंनी सांगितलं की मी तिथली नोकरी सोडून महिना झाला. तो तिकडून चढ्या आवाजात बोलला, मग नंबर कशाला ठेवलाय. आवाज मलाही ऐकू येत होता. उत्तमसिंगभाऊंचा चेहरा लाल झाला. वाटलं, आता फोन आपटतील. ते उठले आणि रस्त्यापलीकडच्या शेताकडे बघत राहिले. तिथला गहू सोंगून झाला होता.

"जा," ते फोनमध्ये म्हणाले. "गहू निंगाला, हरबरा निंगाला. मोटरी बंद असतीन. चालन मशीन."

पलीकडून फोन कट झाला. त्यांनी फोन खिशात घातला, शाळेची घंटा झाली, आणि मुलं व्हॅनकडे पळत सुटली.