भाऊजींनी कोंबडीला आंघोळ घातली

उभ्या आयुष्यात माझ्या थोरल्या दिरांच्या हातून एकही चूक झाली नाही. हे माझं मत नाही, त्यांचं आहे. मी लग्न होऊन बदलापुरात, कुळगावच्या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशी, माझ्या पिठल्यातली गुठळी चमच्याने ताटाच्या कडेला काढून ठेवत त्यांनी ते मला सांगितलं होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. दुसऱ्यांनी घडवलेले लोखंडी भाग हातात घ्यायचे, मापायचे आणि केसभर जरी फरक दिसला तरी त्यावर लाल खडूची फुली मारायची, याचा त्यांना पगार मिळे. कारखाना सुटला तरी खडू खिशातच असायचा. शेजाऱ्यांनी बांधलेल्या कुंपणाच्या भिंतीवर त्यांनी फुली मारली, सुताराने आणून दिलेल्या पाटावर मारली, आणि एकदा, देवाशपथ सांगते, माझ्या पोळपाटावर मारली. लग्न केलं नाही, कारण पाहिलेल्या सात मुलींपैकी एकही तपासणीत उतरली नाही. एकीचा डावा खांदा किंचित खाली आहे असं त्यांनी तिच्या वडिलांना तोंडावर सांगितलं. सुटली बिचारी! उल्हासनगरला पँट घ्यायला गेले की दुकानातल्या पंचवीस पँटींच्या शिवणी उलट्या करून बघायचे. शेवटी एकदा तिथला सिंधी दुकानदार हात जोडून म्हणाला, "साईं, तेरे को पँट लेना है, के मेरे को फेल करना है?" भाऊजी पँट न घेता परत आले आणि घरी येऊन म्हणाले, "माणूस प्रामाणिक वाटला. आपलं अपयश कबूल केलं त्याने."

दुसरं वेड आंघोळीचं. स्वतः दिवसातून तीनदा करायचे, ते एक वेळ सोडा. पण घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्यांच्या हातची आंघोळ चुकत नसे. सायकल, कुलूप, छत्री, बाजारातून आलेले बटाटे, सगळ्यांना साबण. एकदा रेडिओ ओल्या फडक्याने इतका पुसला की तो जो गप्प झाला तो कायमचा. त्यावर काय म्हणाले असतील? "आतून खराबच होता. पुसल्यामुळे कळलं तरी." अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग? माझे यजमान तर फोडायच्या भानगडीतच पडत नसत. दादाने तोंड उघडलं की ते वर्तमानपत्र उघडायचे.

त्या काळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या घरामागे चांगलं मोठं परसू होतं आणि त्यात माझी एक गावठी कोंबडी होती, तांबडी नावाची. एका पौषात ती खुडूक झाली. अंडी घालायचं बंद केलं, रिकाम्या टोपलीत पिसं फुलवून ठाण मांडलं आणि कुणी जवळ गेलं की घशातून खुडखुड करत चोच मारायला लागली. कोंबडी अशी बसली म्हणजे तिला अंडी उबवायची ओढ लागली. खाली अंडी नसली तरी ती आपली बसून राहते. नेमकी त्याच आठवड्यात हिरूबाई आली. डोंगराकडच्या वाडीवरून ती रानभाजी आणि करवंदं विकायला यायची, माझी तिची दहा वर्षांची ओळख. या वेळी पाटीत भाजी नव्हती. पेंढ्यात अकरा अंडी होती.

"बाय, मर आली नि समद्या कोंबड्या गेल्या," ती म्हणाली. "मान टाकायच्या नि मरायच्या. कोंबडाबी गेला. ही तेवढी अंडी राहिलीत. तुझी कोंबडी खुडूक हाय ना? तिच्याखाली ठेव. दोन पिल्लं तू घे."

मला पिल्लू नको होतं. हिरूबाईच्या घरी कोंबड्या म्हणजे काय ते मला माहीत होतं. लेकीचं बाळंतपण, आलागेला पाहुणा, देवाचा मान, सगळं त्या कोंबड्यांवर. आजीच्या वेळेपासून चालत आलेली ती जात आता या अकरा अंड्यांत उरली होती. ही गेली की संपलं. तिने स्वतःच टोपलीत राख पसरली, वर पेंढा घातला, अंडी मांडली आणि तांबडीला अलगद वर ठेवलं. तांबडीने पोटाखाली अंडी सारून घेतली आणि डोळे अर्धे मिटले. ओसरीवरून भाऊजी बघत होते. हिरूबाई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "दादा, तू हिला हात नको लावू. दाना-पानी जवळ ठेवा, बास. बाकी तिचं तिला कळतं."

एक तर 'तू', वर 'हात नको लावू'! भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती गेल्यावर म्हणाले, "सुनंदा, या कोंबडीने आजवर किती पिल्लं काढली आहेत?"

"पहिलीच खेप आहे तिची."

"म्हणजे अनुभव शून्य. आणि तिच्यावर सोडायचं?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून तांबडीवर अधिकारी नेमला गेला. भाऊजींनी अकराही अंड्यांवर पेन्सिलीने आकडे घातले. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की कोंबडीला उचलून आकडे तपासायचे आणि पाच नंबर काल मधे होतं ते आज कडेला कसं आलं, याचा जाब त्या मुक्या जनावराला विचारायचे. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरून आतल्या लाल शिरा पाहिल्या आणि जणू स्वतःच घातल्यासारखे अभिमानाने म्हणाले, "अकराही जिवंत." तांबडी त्यांच्या मनगटावर चोच मारून रक्त काढायची. मला मनातल्या मनात फार बरं वाटायचं.

चौदाव्या दिवशी रविवार होता. मी आणि यजमान अंबरनाथला एका बारशाला गेलो होतो. चारच्या सुमाराला परत येऊन बघते तर परसात, उन्हात, माझी तांबडी निथळत उभी. अर्ध्या आकाराची झालेली, थरथर कापणारी. शेजारी बादली, साबण आणि पंचा घेतलेले भाऊजी.

"उवा झाल्या होत्या," ते म्हणाले. "जन्माला आल्या आल्या पिल्लांच्या अंगावर उवा? आपल्या घरात हे चालणार नाही."

अहो, खुडूक मोडायची असली की कोंबडीला गार पाण्यात बुडवतात, हे कुळगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं! एकदा पाण्यात बुडवली की पोटाची ऊब उतरते, बसायची ओढ जाते, आणि ती उठून चार कोंबड्यांसारखी हिंडायला लागते. हे ज्याला माहीत नाही असा एकच माणूस देवाने बदलापुरात ठेवला होता आणि तो माझ्या घरात होता. तांबडीने अंग झाडलं, दाणे टिपले आणि परसात फिरायला गेली. आम्ही तिला तीनदा टोपलीत ठेवलं. तिन्ही वेळा ती अंड्यांवर पाय देऊन उतरली.

मग मी बोलले. लग्नाला बारा वर्षं झाली होती, बाराही वर्षांचं एकदम बोलले. "त्या बाईच्या दारात एक पीस उरलेलं नाही, भाऊजी! जाताना एवढंच सांगून गेली होती की हात लावू नका. एवढं एक तुम्हाला जमलं नाही? आता बसा तुम्हीच अंड्यांवर!" यजमानांनी वर्तमानपत्रसुद्धा उघडलं नाही. भाऊजींनी पंचा दोरीवर टाकला आणि, खरं सांगते, ते खरोखरच बसले.

ज्या माणसाने आईच्या तेराव्याखेरीज रजा घेतली नव्हती त्याने आठवड्याची रजा टाकली. पुठ्ठ्याचा खोका आणला, त्यात चाळीसचा बल्ब टांगला, घरातला तापाचा थर्मामीटर ठेवला, पाण्याची वाटी ठेवली. ठरलेल्या वेळी अंडी स्वतःच्या हाताने उलटायची. तीन आंघोळींची एक झाली. मी येता-जाता टोमणे मारत होते, "काय, चोच फुटली का?" ते आपले थर्मामीटर उजेडात धरून आकडा वाचायचे. पण शुक्रवार कोणी विसरला तरी वीजमंडळ विसरत नसे. आमच्याकडे शुक्रवारी दिवसभर वीज नसायची. सकाळी आठला बल्ब गेला. भाऊजींनी लोकरीची बंडी घातली, आत पोटाशी माझं जुनं लुगडं गुंडाळून त्याच्या घड्यांत अकरा अंडी बसवली आणि परसात उन्हात खुर्ची टाकून बसले. ऊन सरकलं की यजमान त्यांना खुर्चीसकट सरकवायचे. जेवण मी भरवलं. हो, मीच, हात वर केला तर घडी हलते म्हणाले. कारखान्यातला हाताखालचा माणूस चौकशीला आला, तर त्याच्याशी डोळ्यांनी बोलले. शिंक आली तेव्हा त्यांनी ती कशी दाबली ते आठवलं की मला अजून हसू येतं. पाच वाजता वीज आली तेव्हा त्यांना पाय सरळ करता येईनात.

रविवारी तीन पिल्लं निघाली. आठ निघाली नाहीत.

सोमवारी हिरूबाई आली. खोक्यातली तीन पिल्लं तिने एकेक करून हातात घेऊन पाहिली. "आठ का गेली?" तिने विचारलं. मी भाऊजींकडे बघितलं. म्हटलं, आता तरी. तर हे काय म्हणाले? "अंड्यांतच दोष असणार, बाई. तपासून आणायला हवी होती."

संतापाने माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या बाईने मान खाली घातली. आईविना पिल्लं एवढ्यात नेता येणार नव्हती म्हणून ती तशीच परत गेली. मी भाऊजींशी बोलणं टाकलं. पुढचे दोन महिने तांबडी त्या पिल्लांकडे ढुंकूनही बघत नव्हती आणि हा पन्नाशीचा घोडा उकिडवा बसून बोटाने माती टोकरत त्यांना दाणे टिपायला शिकवत होता, तरी माझं मन द्रवलं नाही. मोठी झाल्यावर हिरूबाई ती घेऊन गेली. दोन माद्या, एक नर. तेव्हाही हे तोंडातून चकार शब्द काढतील तर शपथ. "खोटारडा माणूस" असं मी यजमानांना वर्षभर ऐकवलं, मुद्दाम पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.

वर्ष उलटल्यावर हिरूबाईच्या लेकीला मुलगा झाला म्हणून मी झबलं घेऊन वाडीवर गेले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या कोंबड्या. तांबड्या, करड्या, काळ्या, पिल्लांची दोन लेंढारं. माझे डोळेच भरून आले. म्हटलं, "हिरूबाई, भरलं गं तुझं घर. नाहीतर आमच्या दिरांनी वाटोळंच केलं होतं. अंडी चांगली होती तुझी. त्यांनी कोंबडीला आंघोळ घातली."

"मला काय सांगतंस?" ती हसली. "त्या दिशी तुझी कोंबडी परसात मोकळी हिंडत होती, तवाच वळखलं. नि पिल्लं नेली त्याच्यानंतर पयल्याच ऐतवारी तुझा दीर सायकलवर आला. हितं उभा राहिला. म्हनला, बाय, अंडी चांगली होती, मी कोंबडीला आंघोळ घातली, आठ गेली. मी म्हनलं, जाऊं दे दादा, कवा कवा जातात. तरी पुढल्या ऐतवारी आला. दर ऐतवारी येतो. खुराडं साफ करतो, पानी भरतो, नि जाताना तेच सांगतो. आता चाळीस कोंबडी झाली, बाय, पन ह्यो आपला आठच मोजतो."

दर रविवारी नऊ वाजता भाऊजी सायकल काढायचे, आणि मी समजायचे की चालले कुणाच्या तरी चुका काढायला. मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. मला कळलंय हे त्यांना कळलं असतं तर लाजून त्यांनी जायचंच सोडलं असतं. पुढच्या रविवारपासून एवढंच केलं, की ते निघायच्या आधी चहा आणि दोन पोळ्या पुढे ठेवू लागले. त्यांनी पोळी उजेडात धरून पाहिली आणि कडेला जाड आहे म्हणाले. मी ऐकून घेतलं.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते दर रविवारी आठ मैल सायकल हाणून माफी मागायला जात होते. मी एका भिंतीपलीकडे राहून त्यांना खोटारडा म्हटलं होतं, आणि ते परत घ्यायला मला एकही रविवार सापडला नाही.